बोट काढण्याआधी घोट्याचा दाब मोजा

पायाचा अंगठा काळा पडला की नातेवाईक म्हणतात, "तेवढं बोट काढून टाका, डॉक्टर." पण बोटापर्यंत रक्तच पोचत नसेल तर काढलेल्या बोटाची जखमही काळी पडते. मग पुढचं बोट, मग अर्धं पाऊल, शेवटी पाय.

म्हणून आधी मोजायचं. रुग्णाला आडवं झोपवा, बीपीचा पट्टा घोट्याच्या वर बांधा. डॉपलर (रक्ताच्या वाहण्याचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र) आधी पावलाच्या पाठीवरच्या, मग आतल्या घोट्यामागच्या धमनीवर धरा. पट्टा फुगवून हळूहळू सोडा. आवाज परत येतो तो दाब. दोन्हींतला मोठा आकडा घेऊन त्याला दोन्ही दंडांपैकी जास्त दाबाने भागा. ०.९ किंवा कमी आलं तर धमनी अरुंद आहे, ०.४ च्या खाली पाय धोक्यात. मधुमेहात मात्र धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठतं, ती दबत नाही आणि आकडा खोटा चांगला दिसतो. तिथे अंगठ्याचा दाब बघायचा. तो ३० मिमी पाऱ्याच्या खाली असेल तर जखम भरण्याची आशा फार कमी. पू भरलेलं ओलं गँगरीन, म्हणजे मेलेला भाग सडत असेल तर थांबायचं नाही, पू लगेच काढायचा. बाकी रक्तपुरवठा न बघता बोट काढणं आम्हाला मान्य नाही.

सोलापुरात बिडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांचा बर्जर आजार (तंबाखूमुळे हातापायांच्या रक्तवाहिन्या सुजून बंद होणं) दिसतो, आणि मधुमेह तर घरोघरी. कोजागरीला अनवाणी तुळजापूरला चालत जाणाऱ्या मधुमेह्याला फोड आल्याचं कळतही नाही. घरी गार पाय गरम पाण्याच्या पिशवीने शेकतात. बधिर कातडी भाजते, आणि ती भरून यायला लागणारं रक्त तिथे नसतंच.

घोट्याच्या वर कापावं लागलं तर सगळी धडपड गुडघ्यासाठी. नडगीचं हाड सांध्याखाली १२ ते १५ सेंमी ठेवतात, पुढची धार घासून गोल करतात, शेजारचं बारीक हाड १-२ सेंमी आखूड ठेवतात आणि पोटरीचा मांसल भाग पुढे वळवून शिवतात, कारण मागच्या बाजूला रक्तपुरवठा बरा असतो. गुडघा राहिला तर कृत्रिम पाय लावून चालणं पुष्कळ सोपं जातं.

हा वाचवलेला गुडघा घरी उशीने वाया जातो. दुखतं म्हणून खाली उशी ठेवतात, सांधा वाकलेला आखडतो आणि कृत्रिम पाय बसत नाही. उशी काढा, गुडघा सरळ ठेवा, जमेल तसं दिवसातून दोन-तीनदा पालथं झोपवा. आणि दुसऱ्या पायाचा दाबही त्याच आठवड्यात मोजून घ्या.