माडीवरचा ठोका

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत गाणं कानानं ऐकत नाहीत, छातीनं ऐकतात. गणपतीत डॉल्बी लागला की मांडणीवरची भांडी जागा सोडतात आणि म्हातारी माणसं दारं लावून शिव्या घालतात, त्याही तालात. अशी पेठ २०२०च्या एप्रिलात गप झाली. अंबाबाईचं देऊळ बंद, रंकाळ्यावर चिटपाखरू नाही. रात्री कुत्र्यांनाही भुंकायला कारण मिळेना.

पुतण्या पुण्याहून येऊन अडकला होता. एका शनिवारी त्यानं माडीवरच्या खोलीतून मेलोडिक हाऊसचा, म्हणजे एकसारख्या ठोक्यावर सुरावट घोळवणाऱ्या नाचाच्या गाण्यांचा, सेट इंटरनेटवर लाइव्ह करायचं ठरवलं. मागची गाद्यांची चळत झाकायला वहिनीची पैठणी टांगली. लॅपटॉप, गाणी एकमेकांत मिसळायचा कंट्रोलर, हेडफोन, झालं दुकान सुरू. ‘हाऊस’ म्हणजे घर असंच मी धरून चाललो होतो. तर ते नाव शिकागोच्या ‘वेअरहाऊस’ नावाच्या क्लबवरून आलंय म्हणे, जिथं फ्रँकी नकल्स वाजवायचा. म्हणजे गोदामातलं गाणं चाळीसेक वर्षांनी आमच्या घरात आलं.

आई आणि मी खाली सोप्यात मोबाईल तांब्याला टेकवून बसलो. मिनिटाला एकशे वीस-बावीस ठोके, प्रत्येक मात्रेवर एक. हलगीवर वाढलेल्या आईला ते फार सरळ वाटलं. पाच मिनिटांनी तिनं विचारलं, “ह्ये सुरू कवा हुणार?”

“सुरूच हाय की!”

पण तिचं अगदीच चुकलं नव्हतं. या गाण्याला घाईच नसते. आधी नुसता ठोका, मग त्याखाली बेस, मग लांबून एखादी सुरावट येते, थोडी थांबते, परत जाते. पोरगा एका कानाला हेडफोन लावून पुढचं गाणं आधी एकटाच ऐकायचा, वेग जुळवायचा, चालू गाण्याचा बेस काढून नव्याचा आत सोडायचा. सांधा कुठं बसला ते मला एकदाही कळलं नाही. गर्दी असती तर त्याच्या हाताकडे बघितलं कुणी असतं?

खरी गंमत वेगळीच होती. माडीच्या फळ्यांतून येणारा ठोका आत्ताचा, आणि इंटरनेटवरून फिरून येणारा मोबाईलमधला पंचवीसेक सेकंदांपूर्वीचा. छत पुढं, मोबाईल मागं. वर सुरावट संपून नुसता धपधप राहायचा, तेव्हा खाली ती नुकती फुलत असायची. मला तर पुढं काय होणार ते आधीच कळल्यासारखं वाटायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच!

साडेनऊला वहिनी जिन्यातून ओरडल्या, “आटप रे, रस्सा निवतोय!” वरचा ठोका थांबला. थोड्या वेळानं तीच हाक मोबाईलमधून आली, पोरानं माइक बंदच केला नव्हता. बघणारे त्रेचाळीसजण होते, त्या सगळ्यांना रश्शाचं कळलं.

तोवर तो खाली येऊन पाटावर बसलासुद्धा. आईनं भाकरी वाढली. तांब्याला टेकलेल्या मोबाईलमध्ये तो अजून पैठणीपुढं उभा होता, एक हात वर करून.