उद्योगाचा धडा आणि जंगलाचा धडा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहिताना मला भूगोलाच्या तासांविषयी, त्यातही मानवी भूगोलाविषयी लिहावेसे वाटते. लोकसंख्या, वस्ती, शेती, उद्योगधंदे, वाहतूक, निर्वनीकरण असे वेगवेगळे धडे आमच्या पुस्तकात होते आणि प्रत्येक धडा आपापल्या स्वाध्यायापाशी संपत असे. आमच्या भूगोलाच्या बाईंनी मात्र ते सुटे सुटे कधीच शिकवले नाहीत. उद्योगांचा धडा चालू असताना त्या मध्येच जंगलांचा धडा उघडायला लावत आणि जंगलांविषयी बोलता बोलता आम्हांला खाणी, रेल्वेमार्ग आणि बंदरांकडे घेऊन जात. माध्यमिक वर्गांत शिकलेल्या गोष्टींपैकी हीच सवय माझ्याजवळ सर्वांत अधिक टिकून राहिली आहे.

'भौगोलिक कारणे लिहा' हा प्रश्न बहुतेक मुले पाठांतरावर सोडवतात. 'लोह-पोलाद उद्योग कोळशाच्या खाणींजवळ आढळतो' या विधानाखाली 'कारण तेथे कोळसा मिळतो' एवढे लिहून आम्हीही मोकळे होत असू. बाईंना ते चालत नसे. त्यांनी एकदा फळ्यावर मोठा त्रिकोण काढला. एका कोनावर लोहखनिज, दुसऱ्यावर दगडी कोळसा आणि तिसऱ्यावर बाजारपेठ लिहिली, तिन्ही बाजूंवर अंतरे मांडली आणि एक टन लोखंडासाठी कोणता माल किती टन लागतो ते सांगितले. वजन गुणिले अंतर असा हिशेब करून कारखान्याची जागा आम्हीच ठरवायची होती. उत्तर जुळल्यावर त्यांनी फक्त कोळशाचा आकडा पुसून तो कमी केला आणि पुन्हा हिशेब करायला सांगितले. कारखाना खनिजाच्या दिशेने सरकला! आल्फ्रेड वेबर या जर्मन अभ्यासकाने १९०९ साली मांडलेला उद्योगांच्या स्थाननिश्चितीचा सिद्धान्त आमच्या हाती असा आकडेमोडीतून आला. त्याचे नाव बाईंनी नंतर सांगितले.

इतिहासातही घडले ते असेच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एक टन लोखंडामागे कित्येक टन कोळसा जळत असे, म्हणून खनिज वितळवून लोखंड काढणाऱ्या झोतभट्ट्या कोळशाच्या क्षेत्रांत उभ्या राहिल्या. भट्ट्या सुधारत गेल्या, कोळसा कमी लागू लागला आणि खनिजाच्या जवळची किंवा बंदरालगतची जागा अधिक सोयीची ठरू लागली. जपानमध्ये लोहखनिज जवळजवळ नाही, तरीही तेथे मोठा पोलाद उद्योग उभा राहिला, कारण समुद्रकिनाऱ्यावरच्या कारखान्यांच्या धक्क्याला ऑस्ट्रेलियाचे खनिज थेट जहाजातून उतरवता येते. शंभर किलो उसातून दहा-बारा किलोच साखर निघते आणि तोडल्यानंतर उसातील साखर घटत जाते, म्हणून साखर कारखाना शेतांच्या जवळच हवा. आइसलँडमध्ये बॉक्साइट हे अ‍ॅल्युमिनियमचे खनिज मुळीच सापडत नाही. तरी १९६९ पासून तेथे अ‍ॅल्युमिनियम तयार होते, कारण हा धातू वेगळा करण्यासाठी प्रचंड वीज लागते आणि ती त्या देशात जलविद्युत व भूऔष्णिक केंद्रांतून मिळते. अ‍ॅल्युमिना (बॉक्साइटपासून काढलेली भुकटी, जिच्यापासून हा धातू करतात) मात्र समुद्र ओलांडून आणावे लागते.

इथवरचे शिक्षण इतरही चांगल्या शिक्षकांकडून मिळाले असते. बाईंचे वेगळेपण यापुढे दिसे. हिशेब संपला की त्या विचारत, ''कारखान्याचा खर्च तुम्ही काढलात. यात न धरलेला खर्च कोणता, आणि तो कुणाच्या वाट्याला आला?'' या प्रश्नाने आम्ही थेट जंगलाच्या धड्यात शिरत असू.

लोखंडाचीच गोष्ट घ्या. दगडी कोळशाच्या आधी लोखंड वितळवले जात होते ते लोणारी कोळशावर, म्हणजे लाकडावर. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने १७०९ साली कोलब्रुकडेल येथे कोक, म्हणजे दगडी कोळशापासून केलेले इंधन, वापरून झोतभट्टी चालवली आणि पुढे लोखंडाचा उद्योग हळूहळू रानापासून सुटून खाणीकडे गेला. पाठ्यपुस्तकात ही औद्योगिक क्रांतीची एक पायरी असते. बाई ती जंगलाच्या इतिहासातली घटना म्हणूनही शिकवत. मात्र लोखंडाचे लाकडाशी असलेले हे नाते सगळीकडे कायमचे तुटले नाही. ब्राझीलमधील काराजास येथे जगातील अतिशय मोठे लोहखनिजाचे साठे आहेत आणि तेथून अटलांटिक किनाऱ्यावरील साव लुईसच्या बंदरापर्यंत सुमारे ९०० किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९८५ मध्ये सुरू झाला. या मार्गालगत कच्चे लोखंड करणाऱ्या भट्ट्या निघाल्या आणि त्यांतील पुष्कळशा नैसर्गिक जंगल तोडून केलेल्या लोणारी कोळशावर चालल्या. खनिज, वाहतूक, उद्योग आणि निर्वनीकरण हे चारही धडे त्या एका रेल्वेमार्गावर सापडतात.

रोंदोनिया या ब्राझीलच्याच राज्याची उपग्रहावरून घेतलेली दोन चित्रे बाईंनी वर्गात फिरवली होती. पहिल्यात सलग गर्द हिरवा रंग होता आणि त्यातून एक बारीक रेघ गेली होती. दुसऱ्या, काही वर्षांनंतरच्या चित्रात त्या रेघेला दोन्ही बाजूंनी काटकोनात, ठराविक अंतरावर फाटे फुटले होते आणि प्रत्येक फाट्याच्या कडेने फिकट पट्टे पसरले होते; सगळे मिळून माशाचा काटा दिसत होता. ती रेघ म्हणजे बीआर-३६४ हा महामार्ग. जागतिक बँकेचे कर्ज घेऊन त्याचे डांबरीकरण १९८४ मध्ये पूर्ण झाले आणि जमिनीच्या आशेने हजारो कुटुंबे तिकडे गेली. झाडे तोडून जमीन मोकळी केली की ती वापरात असल्याचे दाखवता येई आणि मालकीचा दावा बळकट होई. उष्ण कटिबंधातील या वनांत पोषक द्रव्यांचा मोठा भाग मातीपेक्षा झाडांत आणि पालापाचोळ्यात असतो. त्यामुळे झाडे जाळल्यावर दोन-चार वर्षे पीक येते, मग कस उतरतो आणि शेताचे गुरांसाठी कुरण होते. शेतकरी पुढच्या फाट्यावर जातो.

'लोकसंख्या वाढली, म्हणून जंगल तुटले' हे ठरावीक उत्तर बाई म्हणूनच अपुरे मानत, आणि आज माझेही तेच मत आहे. लोकसंख्येचा भाग आहेच. परंतु रस्ता कोणी बांधला, जमिनीचा कायदा काय म्हणतो, मांस, सोयाबीन किंवा पामतेलाची मागणी कोठून येते, हे विचारल्याशिवाय कारण पूर्ण होत नाही. चिपको आंदोलनाची सुरुवात त्यांनी याच दृष्टीने समजावली होती. उत्तराखंडातील चमोली भागात शेतीची अवजारे करण्यासाठी मागितलेली अंगूची झाडे ग्रामस्थांच्या संस्थेला नाकारण्यात आली आणि तीच झाडे क्रीडासाहित्य बनवणाऱ्या एका कंपनीला तोडण्यासाठी देण्यात आली. त्यातून १९७३ मध्ये विरोध उभा राहिला आणि १९७४ मध्ये रेणी गावात गौरादेवींसह बायकांनी जंगल वाचवले. हा प्रसंग बहुधा केवळ पर्यावरणप्रेमाचा म्हणून सांगितला जातो. त्यामागे उद्योगाला कच्चा माल देताना गावाची गरज मागे ठेवली गेली होती, हे मुलांना सांगायलाच हवे.

आमची शाळा सुटल्यानंतर या विषयात बरेच बदलले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार १९९० च्या दशकात जगात दरवर्षी सुमारे १ कोटी ६० लाख हेक्टर जंगल तोडले जात होते. २०१५ ते २०२० या काळात हे प्रमाण वर्षाला सुमारे १ कोटी हेक्टरवर आले. ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉनमध्ये २००४ साली २७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक जंगल गेले होते, तर २०१२ साली हा आकडा पाच हजारांच्या खाली आला. उपग्रहांवरून सतत ठेवलेली नजर, नवी संरक्षित क्षेत्रे आणि ताज्या तोडीच्या जमिनीवरचे सोयाबीन विकत न घेण्याचा व्यापाऱ्यांनी २००६ मध्ये केलेला करार यांचा त्यात वाटा होता. पुढे धोरण सैल पडले तेव्हा तोड पुन्हा वाढली. कोस्टारिकाने १९९६ च्या कायद्याने जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना पैसे देण्यास सुरुवात केली, त्यासाठी इंधनावरील कराचा आधार घेतला, आणि आज त्या देशाचा निम्म्याहून अधिक भूभाग वनाच्छादित आहे. बाईंच्या फळ्यावरच्या हिशेबात न धरलेला तो खर्च अशा ठिकाणी प्रत्यक्ष हिशेबात घेतला गेला.

सध्याच्या नववी-दहावीच्या वर्गांसाठी माझी एक विनंती आहे. लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रे २००८ पासून सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रत्येक गटाने एक वस्तू निवडावी. कागद, रबर, पोलाद, चॉकलेट, काहीही चालेल. तिचा कच्चा माल कोठून येतो, कोणत्या मार्गाने येतो आणि तो मार्ग होण्यापूर्वी व नंतर तेथील जमीन कशी दिसत होती, हे जगाच्या कोऱ्या आराखड्यावर सूची आणि शीर्षकासह दाखवावे. पुस्तकातील धड्यांचे क्रमांक त्या आराखड्याखाली लिहावेत. एका वस्तूसाठी निदान चार-पाच क्रमांक लिहावे लागतील.