एका अधिनवताऱ्यामागची माणसे
आज वेंगुर्ल्यात पावसाने सकाळपासून झोडपले, म्हणून भाचीसोबत पडवीत बसून खगोलशास्त्रज्ञ डॉ. जी. सी. अनुपमा यांच्या अधिनवताऱ्यांवरील, म्हणजे आयुष्य संपताना स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरील, संशोधनाविषयी वाचत होतो. जपानच्या कोइची इतागाकी यांना १९ मे २०२३ रोजी एम १०१ दीर्घिकेत दिसलेल्या स्फोटावरील शोधनिबंधात त्या सहलेखिका आहेत. लडाखमधील हानले येथील दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण, तिथलीच ग्रोथ-इंडिया दुर्बीण, अंतराळातील भारतीय उपग्रह ॲस्ट्रोसॅट आणि जपानमधील कानाता दुर्बीण यांची निरीक्षणे त्यात एकत्र आली आहेत. कारण मरणापूर्वी ताऱ्याने फेकलेल्या वायूमुळे स्फोटाच्या प्रकाशाच्या वर्णपटात उमटणाऱ्या अरुंद रेषा आठवड्याभरात पुसल्या जातात आणि त्या वेळेवर टिपणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. भाचीने लेखकांची यादी मोठ्याने वाचली. त्यात पहिले नाव पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याचे आहे, याचे मला मनापासून कौतुक वाटले.