कंपाउंडच्या भिंतीवर निवटी

आमच्या सोसायटीची मागची भिंत ६० फूट लांब आणि ७ फूट उंच. पलीकडे फुटपाथ. सकाळी तिथे दोन मासळीवाल्या पाट्या घेऊन बसतात आणि रात्री अंधार पडला की पुरुष येऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. देवांच्या टाइल्स लावून झाल्या, सूचनेची पाटी लिहून झाली, चुना मारून झाला. फरक पडला नाही. सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत शेवटचा विषय संपता संपता मी उठले आणि म्हटलं, इथे चित्र काढून घेऊया.

हे मनात एका दिवसात आलं नव्हतं. नेरूळला राहायला येऊन मला २६ वर्षं झाली, पण भिंती नीट बघायला लागले ती गेल्या काही वर्षांत. स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने आपल्याकडे पुलांचे खांब, भुयारी मार्ग, शाळांची कुंपणं रंगायला लागली. २०२० मध्ये नवी मुंबई देशात तिसरी आली, तेव्हा सकाळच्या फेरीत मी रोज एक वेगळा रस्ता धरायचे आणि नवीन काय आलंय ते बघायचे. आधी नुसतं 'छान' म्हणून पुढे जायचे. मग एकाच भिंतीशी थांबायला लागले, आणि चित्राचित्रांतला फरक कळायला लागला.

वारली चित्रांचंच घ्या. ही कला आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याची. शेणामातीने सारवलेल्या, गेरू लावलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने, टोक ठेचलेल्या बांबूच्या काडीने काढलेली. लग्नाचा चौक काढायचा मान बायकांचा. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणली, जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज अर्ध्या नवी मुंबईत वारली माणसं नाचताना दिसतात. मी आता आधी तारपा, म्हणजे भोपळ्याचं ते फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवणारा कुठे आहे ते शोधते. नाचणारे त्याच्या मागे जातात, तारप्याला पाठ दाखवत नाहीत. ज्या भिंतीवर हे पाळलेलं असतं, तिथे काढणाऱ्याने नाच बघितलाय हे समजतं. जिथे नुसते त्रिकोण आणि काड्या गोल फिरवलेल्या असतात, तिथे माझा पाय थांबत नाही.

रेल्वेलगतच्या भिंतींवरची फुगीर अक्षरं मला बरीच वर्षं खराबीच वाटायची. आमच्याच इमारतीतल्या, कला महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने एका रविवारी मला सोबत नेलं आणि एकेक अक्षर बोटाने गिरवून दाखवलं. झटक्यात केलेली सही म्हणजे टॅग, दोन रंगांत भरलेली फुगीर अक्षरं म्हणजे थ्रो-अप, आणि तासन्‌तास बसून केलेलं ते पीस. स्प्रेच्या डब्याला जाड रेघेची आणि बारीक रेघेची कॅप वेगळी असते. रंग ओघळू न देता एका दमात दोन हात लांब वळण काढायला किती सराव लागतो, हे त्याने जुन्या पुठ्ठ्यावर माझ्याच हातून करवून घेतलं तेव्हा पटलं. माझी रेघ चार ठिकाणी ओघळली. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या भिंतीवर लिहू नये हे माझं मत आजही कायम आहे. पण हातातलं कसब कसब असतं, ते मला आता दिसतं.

आणि २०१७ मध्ये मुंबईला ससून डॉकवर भरलेलं भित्तिचित्रांचं प्रदर्शन. १८७५ पासूनचा तो धक्का, मासळीचा वास, पायाखाली बर्फाचं पाणी, आणि तिथेच राबणाऱ्या माणसांचे भिंतीएवढे काळे-पांढरे चेहरे. चित्र जिथे काढलंय तिथलंच असलं की त्याला वेगळं बळ येतं, हे मला तिथे उभं राहून कळलं.

म्हणून सभेत जेव्हा सगळे 'फ्लेमिंगो काढा' म्हणाले, तेव्हा मी अडून बसले. रोहित पक्षी मला प्राणाहून प्रिय आहेत. पण ते पामबीच रोडवर आहेत, चौकात आहेत, खांबाखांबावर आहेत. ते ज्या चिखलावर उतरतात तो चिखल कुणी काढलेला नाही. ठाण्याची खाडी २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, ती काय एका पक्ष्यामुळे? तिवरं आहेत, चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली त्यांची श्वासाची मुळं आहेत, खेकडे आहेत, आणि निवटी आहे. पाण्याबाहेर येऊन पुढच्या परांच्या जोरावर चालणारा, ओल्या कातडीतून श्वास घेणारा मासा आपल्या घरापासून वीस मिनिटांवर राहतो, आणि आमच्या इमारतीतल्या एकाही मुलाने तो पाहिलेला नव्हता. शेवटी ठरलं, वर कोपऱ्यात उडणारे चार रोहित आणि बाकी सगळी भिंत ओहोटीची.

४८ घरं, घरटी ५०० रुपये. खजिनदारांनी २४,००० च्या वर एक रुपया देणार नाही असं सांगितलं आणि ते योग्यच होतं. सर्वांसमोर दिसणारी जागा विद्रूप करू नये असा १९९५ चा कायदा आपल्याकडे आहे, त्यामुळे सभेचा ठराव लेखी करून घेतला, चित्राचा कच्चा आराखडा जोडून विभाग कार्यालयात पत्र दिलं आणि पोच फाइलला लावली. कागदपत्रांचं काम एवढंच.

खरं काम भिंतीचं. खालच्या दोन फुटांना लोणा लागला होता. हात फिरवला की पांढरी पूड आणि रंगाचे पापुद्रे तळव्यावर यायचे. पेंटर म्हणाला, 'काकू, खरवडतो आणि लगेच प्रायमर मारतो.' कला महाविद्यालयातल्या त्या मुलाने साफ नको म्हटलं. पाऊस संपून जेमतेम दहा दिवस झाले होते. त्याने दीड फुटाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर डकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघायला गेले, तर प्लॅस्टिकच्या आतून बारीक थेंब जमलेले. भिंत अजून पाणी सोडत होती. दर रविवारी आम्ही तुकडा नव्या जागी लावायचो. पाच रविवार थेंब आले. सहाव्या रविवारी प्लॅस्टिक कोरडं निघालं, तेव्हा मी तो तुकडा हातात घेऊन थेट सेक्रेटरींच्या घरी गेले. मग तारेच्या ब्रशने लोणा काढला, भेगा भरल्या, ५ लिटर प्रायमर लागला, आणि वर बाहेरच्या भिंतीच्या इमल्शनचे दोन हात.

चित्र काढायला तो आणि त्याच्या वर्गातली दोघं, अशी तिघं आली. मला वाटलं होतं दोरी मारून चौकोन आखतील. त्यांनी इमारतीतल्या सगळ्या मुलांना बोलावून भिंतभर खडूने वाटेल ते लिहायला सांगितलं. नावं, आकडे, फुलं, क्रिकेटची बॅट. भिंतीचा फोटो काढून मोबाइलवर त्यावर आराखडा ठेवला. मग मापपट्टी नको. निवटीची शेपटी त्या बॅटच्या दांड्यापासून सुरू होते आणि अमक्याच्या नावातल्या वेलांटीपाशी संपते, असं बघत बघत रेघ ओढायची. त्या दिवशी मला अकरा फोन आले, की भिंतीची पोरांनी वाट लावली. मी प्रत्येकाला खाली बोलावून मोबाइल दाखवला.

तिसऱ्या दिवशी निवटीत रंग भरत असताना करावे गावातून येणारी मासळीवाली मावशी गिऱ्हाईक सोडून उठली आणि भिंतीशी आली. 'ताई, निवटीचे डोले बाजूला नसतान, टालक्यावर असतान.' फोटोवरून काढलेल्या चित्रात डोळे गालावर आले होते. तिने दोन्ही मुठी कपाळावर ठेवून दाखवलं, अशी फुगलेली, अशी वर आलेली. मग अंगावरचे निळे ठिपके कुठून कुठवर, चिखलात तिचं भोक कसं असतं, हेही सांगितलं. चित्र काढणाऱ्या मुलीने सगळं पुसून पुन्हा काढलं. उरलेले दोन दिवस मावशी पाटीपाशी कमी आणि भिंतीपाशी जास्त होती. चिखलाचा करडा रंग तिला पसंत पडेपर्यंत आम्ही स्टेनरचे, म्हणजे छटा बदलायच्या घट्ट रंगाचे, थेंब टाकत राहिलो. पाचव्या दिवशी काम संपलं. खाली चित्रकारांच्या तीन सह्या आहेत, आणि त्यांच्या शेजारी मावशीने बोटाने काढलेला एक खेकडा.

पुढच्याच महिन्यात कुणीतरी शिकवणी वर्गाचं पोस्टर तिवरांवर खळ लावून चिकटवलं. मी रडले. ओढून काढलं असतं तर रंग सोबत आला असता, म्हणून कोमट पाण्याचा पंचा अर्धा तास लावून ठेवला आणि नखाने कडा सोडवत गेले. तरी हातभर जागा खरवडलीच. प्रत्येक रंगाची एक बाटली झाकण घट्ट लावून, चिठ्ठी चिकटवून ठेवली होती, ती कामी आली. तुम्ही असं काही करणार असाल तर उरलेले रंग टाकू नका.

एक पावसाळा होऊन गेला. डाव्या कोपऱ्यात लोणा पुन्हा दिसतोय, तिथे ऑक्टोबरअखेर प्लॅस्टिक लावणार आहोत. रात्री उभे राहणारे पूर्ण थांबले नाहीत, पण आता ते चित्र संपतं तिथे, विजेच्या खांबापलीकडे जातात. तिथल्या बारा फुटांसाठी यंदाच्या सभेत पुन्हा विषय ठेवलाय.

दिवाळीच्या सुट्टीत दुसऱ्या मजल्यावरच्या आठ वर्षांच्या मुलाने मावशीला विचारलं, ही खरी कुठे असते? तिने ओहोटीची वेळ सांगितली. रविवारी सकाळी आम्ही नऊ जण टीएस चाणक्य या जहाजावरच्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या बांधावर पालथे पडून होतो. पंधरा मिनिटं काहीच हललं नाही. मग चिखलातून आधी दोन डोळे वर आले.