आठ शाफ्ट, आठ बिट: मागाला जोडलेल्या डॉबीची प्रगती

आठ शाफ्टच्या (शाफ्ट म्हणजे ताण्याचे, उभे, धागे गटाने उचलणारी चौकट) टेबल मागावर बसवत असलेली इलेक्ट्रॉनिक डॉबी (कुठल्या फेरीला कुठले शाफ्ट वर जायचे हे ठरवणारं यंत्र) आता सलग विणायला लागली आहे. दुहेरी कापडाचा (एकावर एक दोन थर एकाच वेळी विणलेल्या कापडाचा) पहिला लांब नमुना मागावरून उतरला, धुऊन वाळला आणि त्यात विणलेल्या, बोट लागलं की ओळखणाऱ्या स्पर्शपट्ट्या चालतात. आपला माग उघडून त्यात तारा घालायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी काय ठरलं, का ठरलं आणि कापडाने पुढे काय दाखवलं ते सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधीचा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा होता: हे यंत्र शाफ्ट उचलत नाही, फक्त निवडतं. मोटर लावून शाफ्ट उचलायचे तर मोठी ताकद लागते, वजन वाढतं, आवाज वाढतो. शिवाय तोंड (वर गेलेल्या आणि खाली राहिलेल्या धाग्यांमधली फट) किती उघडलं, ताणा कुठे अडतोय, हे हाताला कळेनासं होतं. म्हणून प्रत्येक शाफ्टच्या दोरीला एक आकडा (हूक) लावला. सगळे आकडे एका आडव्या पट्टीसमोर उभे असतात. छोटं सोलेनॉइड (वीज दिली की दांडा ढकलणारं विद्युतचुंबक) ज्या आकड्याला पुढे ढकलतं तो पट्टीवर अडकतो, आणि मी तरफ दाबली की तेवढेच शाफ्ट वर येतात. एकदा भार आला की आकडा स्वतःच्या भारानेच पट्टीवर टिकून राहतो, मग सोलेनॉइडचा प्रवाह लगेच बंद करता येतो. ताकद माझी, स्मरण यंत्राचं. पुढचं सगळं या एका विभागणीवर उभं आहे.

ही विभागणी विजेच्या कितीतरी आधीची. जुन्या डॉबीत लाकडी पट्ट्यांची साखळी असते. एक पट्टी म्हणजे बाण्याची, आडव्या धाग्याची, एक फेरी, आणि पट्टीवर प्रत्येक शाफ्टसाठी एक भोक. भोकात खुंटी असेल तर शाफ्ट वर, नसेल तर खाली. लियाँमध्ये बाझिल बूशाँने १७२५ साली भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून धागे निवडायची युक्ती काढली, १७२८ मध्ये फाल्काँने तिच्या जागी एकमेकांना ओवलेली कार्डं आणली, आणि १८०४ मध्ये जोझेफ मारी जॅकार्डने हे सगळं एका कामसू यंत्रात बसवलं. त्याचंच रेशमी चित्र १८३९ मध्ये विणलं गेलं तेव्हा त्यासाठी सुमारे २४,००० कार्डं लागली होती.

मला मात्र यापेक्षा बनारसची जाला पद्धत जास्त मोहवते. तिथे नक्षाबंद कारागीर आधी आख्खी नक्षी दोऱ्यांवर बांधून काढतो, ती बांधणी मागावर चढते आणि मदतनीस ठरलेल्या क्रमाने दोऱ्या ओढत जातो. नक्षीचं स्मरण लाकडात नाही, कागदात नाही, धाग्यातच साठवलेलं. मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम चालवणारी छोटी चिप) जोडताना मी काही परकं आत आणते आहे असं मला एकदाही वाटलं नाही, ते या पद्धतीमुळेच.

आता सर्किट. आठ शाफ्ट म्हणजे आठ बिट (प्रत्येक बिट एक किंवा शून्य, वर किंवा खाली), म्हणजे बाण्याच्या प्रत्येक फेरीला बरोबर एक बाइट. ७४एचसी५९५ हा शिफ्ट रजिस्टर तीन तारांवरून हा बाइट घेतो आणि आठ पायांवर मांडतो. त्याला जोडून यूएलएन२८०३, ज्यात आठ ट्रान्झिस्टर-जोड्या एकाच चिपमध्ये मिळतात. सोलेनॉइडचा प्रवाह तोडला की त्याच्या वेटोळ्यातून उलटा, मोठ्या व्होल्टेजचा झटका येतो; तो जिरवणारे डायोड या चिपमध्ये आधीच असतात. पण तिचा कॉमन पाय सोलेनॉइडच्या पुरवठ्याला जोडला तरच ते काम करतात. अनेक आकृत्यांत हा पाय मोकळा दाखवलेला दिसतो, म्हणून मुद्दाम सांगते. चिपच्या एका वाटेला ५०० मिलीअँपिअर असं लिहिलेलं असतं, मात्र आठही वाटा एकदम तेवढ्या प्रवाहावर सतत चालवता येत नाहीत, चिप तापते. आकडा अडकेपर्यंतच प्रवाह द्यायचा असल्याने आपल्याकडे हा प्रश्न उरत नाही.

पुढची फेरी कधी मांडायची हे ठरवायला तरफेवर एक चुंबक आणि तिच्या प्रवासाच्या दोन टोकांना दोन हॉल सेन्सर (चुंबक जवळ आला की ओळखणारे) आहेत. तरफ पूर्ण खाली जाऊन पूर्ण वर आली तरच क्रम पुढे सरकतो. धागा सोडवायला तरफ अर्धवट दाबली तर काहीच बदलत नाही. मागे जायचं बटणही आहे, आणि माझ्या मते ते पुढे जाण्याइतकंच गरजेचं आहे. उसवता येत नाही असा माग मला नको. बटण दाबलं की मागच्या फेरीचंच तोंड पुन्हा उघडतं आणि धोटा (बाण्याचा धागा वाहून नेणारा) आल्या वाटेने परत नेता येतो.

वीज गेली तरी आपण कितव्या ओळीवर होतो हे यंत्राला आठवायला हवं, म्हणून फेरीचा क्रमांक कायमस्वरूपी स्मृतीत लिहिला जातो. माझा मायक्रोकंट्रोलर असलेल्या एटीमेगा३२८ चिपच्या या स्मृतीचा प्रत्येक कप्पा सुमारे १,००,००० वेळा लिहिता येईल अशी हमी असते. माझ्या दुहेरी कापडात थरामागे सेंटिमीटरला १० ओळी, दोन थरांच्या मिळून २०, म्हणजे मीटरला २,००० लेखनं. एकच कप्पा वापरला तर ५० मीटर कापडावर हमी संपते. सोळा कप्पे फिरवून वापरले की तीच हमी ८०० मीटरवर जाते. दोन-चार ओळींचा प्रोग्राम आहे, नक्की करा.

विणीचा आराखडा मी डब्ल्यूआयएफ फाइलमधून वाचते; असे आराखडे साठवण्याचं हे एक ठरलेलं स्वरूप. १९९७ पासून स्थिर असलेलं हे स्वरूप साधा मजकूर असतं, कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडतं. काही फाइलींत पावड्यांची (पायाने दाबायच्या पट्ट्यांची) जोडणी आणि त्यांचा क्रम वेगवेगळा असतो, काहींत थेट उचलण्याचा आराखडा. पहिल्या प्रकारात दोन्हींचा गुणाकार करून दुसरा तयार करावा लागतो. ‘रायझिंग शेड’ (खूण केलेले शाफ्ट वर जातात की नाही हे सांगणारी) ही नोंद जरूर तपासा, नाहीतर वरचे शाफ्ट खाली आणि खालचे वर. आराखडे करायला कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या प्रयोगशाळेत तयार झालेलं अ‍ॅडाकॅड हे सॉफ्टवेअर मला आवडलं. त्यात चौकटी एकेक रंगवायच्या नसतात, क्रिया एकमेकींना जोडायच्या असतात, आणि दुहेरी-तिहेरी थरांची गुंतागुंत अशा मांडणीत फार स्वच्छ दिसते.

आता मुख्य कापड, ज्यासाठी हा सगळा खटाटोप.

मला सुती कापडाच्या अंगातच स्पर्शपट्ट्या हव्या होत्या, वरून शिवलेल्या नकोत. गूगलने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या ‘जॅकार्ड’ प्रकल्पाची एक गोष्ट मनात पक्की बसली होती: नेहमीच्या मागावर विणता येईल असा वाहक धागा करायचा, म्हणजे माग बदलावा लागत नाही. माझा धागा स्टेनलेस स्टीलच्या तंतूंचा आहे. चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन विजेला जास्त चांगली वाट देतो आणि हाताला मऊ लागतो, पण तो काळवंडतो आणि धुण्याने मुलामा झिजतो. स्टील तसंच राहतं. त्याला नेहमीच्या फ्लक्सने डाख मात्र लागत नाही, म्हणून टोकांना धातूचे मणी दाबून बसवले आणि त्यांना तार जोडली.

अडचण अशी की वाहक धागा सगळ्या रुंदीभर पृष्ठभागावर राहिला तर बोट कुठेही लागलं तरी सेन्सर जागा होतो. मला स्पर्श हवा डाव्या अर्ध्या भागात, आणि तिथून सर्किटपर्यंत जाणारी वाट मात्र लपलेली. दोन खंडांच्या (ताण्याच्या शेजारशेजारच्या दोन भागांच्या) दुहेरी विणीने हे इतकं सहज सुटलं की मी कितीतरी वेळ नुसती आराखड्याकडे पाहत होते. ताण्याचे १ ते ४ शाफ्ट डाव्या खंडाला, ५ ते ८ उजव्याला. विषम शाफ्ट एका थराचे, सम दुसऱ्याचे. डावीकडे विषम थर वर ठेवायचा, उजवीकडे सम. मग विषम थराचा बाणा डावीकडे दर्शनी बाजूला विणला जातो आणि मधली सीमा ओलांडताच आपोआप पाठीमागे उतरतो. तोच वाहक धागा, एकाच फेकीत, डावीकडे स्पर्शपट्टी आणि उजवीकडे झाकलेली तार. टाका नाही, इन्सुलेशनचा थर नाही. वरचं सुती कापडच आवरण होतं.

उचलण्याचा क्रम चारच फेऱ्यांचा आहे. वाहक बाण्याला १, ५, ६, ८ आणि मग ३, ६, ७, ८. सुती बाण्याला १, २, ३, ६ आणि मग १, ३, ४, ८. पहिला शाफ्ट डावीकडे धरून लिहिलं तर बाइट होतात १०००११०१, ००१००१११, १११००१०० आणि १०११०००१. प्रत्येक बाइटमध्ये नेमके चार एक आहेत, म्हणजे दर फेरीला अर्धा ताणा वर. दोन्ही थर पूर्ण रुंदीत सुटे विणताना कधी दोन तर कधी सहा शाफ्ट उचलावे लागतात आणि तरफ एकदा हलकी, एकदा जड लागते. इथे ती शेवटपर्यंत सारखी चालते, आणि त्यामुळे ठोकाही सारखा पडतो. अंकांमधली समता कापडाच्या पोतात उतरलेली दिसते, हा अनुभव मला फार मोलाचा वाटतो.

सर्किटकडे जाणारी टोकं उजव्या काठाला बाहेर काढली आहेत. दोन पट्ट्यांच्या मध्ये विषम थरातही सुती बाणा घालायचा आणि वाहक धागा तोडायचा, नाहीतर पट्ट्या काठावरून एकमेकींना जोडल्या जातात. स्पर्श ओळखणाऱ्या एमपीआर१२१ या चिपला १२ इलेक्ट्रोड लावता येतात, तेव्हा एका चिपवर बारा पट्ट्या. सुती धागा हवेतला दमटपणा शोषतो आणि त्यामुळे मोजमाप सरकत राहतं, पण ही चिप आपली आधाररेषा स्वतः हळूहळू जुळवून घेते. कापड मांडीवर ठेवलं तर पाठीमागची वाट शरीराला जवळ येते, म्हणून खाली नमद्याचा जाड थर ठेवते.

घनतेचा हिशेब जुनाच वापरला. पट्टीवर धागा शेजारीशेजारी गुंडाळला तर सेंटिमीटरला २० वेढे बसतात, म्हणून साध्या विणीला त्याच्या निम्मे, १० धागे. दोन थर एकावर एक असल्याने फणीतून (ताण्याचे धागे सारख्या अंतरावर धरणाऱ्या दातेरी चौकटीतून) मात्र २०. सेंटिमीटरला पाच दातांच्या फणीत दर फटीत चार धागे, आणि प्रत्येक फटीत खंडाचे चारही शाफ्ट एकेकदा येतात. हिशेब इतका चपखल बसला की ओवताना कुठे धागा चुकला असता तर नुसत्या नजरेला कळलं असतं.

सर्वांत जास्त शिकवलं ते धुण्याने. स्क्रीनवर वीण म्हणजे चौकटी, सगळे धागे सारखे जाड, सारखे शांत. कोमट पाण्यात सुती ताणा-बाणा आखडतो आणि स्टील आखडत नाही. मग ते जास्तीचं स्टील जाणार कुठे? पट्टीभर ते बारीक कमानी करून वर उठतं. आधीच्या छोट्या नमुन्यावर हे दिसलं होतं, म्हणून लांब कापडात दोन्ही तऱ्हा ठेवल्या. काही पट्ट्यांत सुती बाणा तिरका, सैल टाकला, त्याला आखडायला धागा पुरला, रुंदी कमी ओढली गेली आणि स्टील बऱ्यापैकी सपाट राहिलं. उरलेल्यांत सुती बाणा ताठ ठेवला आणि स्टीलच्या कमानी येऊ दिल्या. बोटाला कमानींच्या पट्ट्या न बघता सापडतात, सपाट पट्ट्या शोधाव्या लागतात. स्पर्शाने वापरायच्या वस्तूसाठी मी यापुढे कमानीच घेणार आहे. कुठलंही सॉफ्टवेअर हा उंचसखलपणा दाखवत नव्हतं, आणि कापडाचा सगळा जीव त्यातच आहे.

काही जण विचारतात, इतकं केलंच आहे तर पूर्ण जॅकार्डकडे का नाही जात? नॉर्वेत तयार होणाऱ्या टीसी२ सारख्या मागावर ताण्याचा प्रत्येक धागा स्वतंत्र निवडता येतो आणि धोटा तरीही हातानेच फेकायचा असतो. तो माग मला मनापासून आवडतो, त्यावर काम करणाऱ्या कलाकारांची कापडं पाहून मी तासन्‌तास रमते. पण आठ शाफ्टच्या मर्यादेत खंडांचा विचार करावा लागतो आणि त्या विचारातूनच वरची लपलेली तार सुचली. जिथे एखादाच आकार खंडांच्या बाहेर हवा असतो तिथे मी डॉबी थांबवते, चपट्या काडीने वरचे धागे मोजून उचलते, त्या दोन-चार ओळी हाताने विणते आणि पुन्हा क्रम चालू करते. थांबण्यासाठी प्रोग्राममध्ये वेगळी खूण ठेवली आहे. त्या फेरीला एक छोटा दिवा लागतो.

पुढच्या ताण्यासाठी धागे मोजून झाले आहेत. या वेळी एका थराला लोकर आणि दुसऱ्याला सूत. लोकर धुतल्यावर आटते, म्हणून सुती थराचे खिसे फुगून यावेत आणि स्पर्शाच्या जागा उशीसारख्या उठाव्यात असा बेत आहे. स्टील सुती थरातच राहील. लोकरीला किती आटू द्यायचं म्हणजे आतली टोकं ताणली जाणार नाहीत, हे आधी लहान तुकड्यांवर बघणार आहे. दाबलेल्या मण्यांऐवजी कुणी सुटी करता येणारी जोडणी धुण्यात टिकवली असेल तर कृपया कळवा. माझे मणी आत्तापर्यंत पक्के आहेत, पण सर्किट काढून कापड धुवायचं म्हणजे दर वेळी तारेचं टोक सोडवावं लागतं, आणि तिथल्या दोन तंतूंना आता थकवा दिसायला लागला आहे.