नाशिक-सिन्नर सायकलने: जाताना महामार्ग, येताना नायगाव

नाशिकच्या सीबीएसपासून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापासून, सिन्नर बसस्थानक 30 किलोमीटरच्या आसपास. साध्या गिअरच्या सायकलवर, ताशी 16-17 च्या वेगाने, पाणी प्यायला थांबत गेलं तरी दोन तासांत माणूस पोहोचतो. माळेगाव किंवा मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असणाऱ्याला रोज नाही, पण आठवड्यातून दोन दिवस हे नक्की जमतं. अंतर अवघड नाही. गडबड होते ती एकच रस्ता ठरवून त्याच रस्त्याने परत येण्यात. सकाळी सहाला जो रस्ता मोकळा आणि बरा असतो, तोच संध्याकाळी सहाला जिवावर उठतो. म्हणून जायचा रस्ता वेगळा आणि यायचा वेगळा, असंच इथे मांडतो आहे.

आधी जमीन कशी आहे ते बघा. चेहेडीला दारणा ओलांडली की आपण दारणेच्या खोऱ्यात असतो, आणि सिन्नर समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटरवर. म्हणजे नदीपासून शंभर मीटरपेक्षा थोडं जास्तच चढायचं आहे. मधल्या डोंगराची कड तीन ठिकाणी ओलांडता येते. मधून नाशिक-पुणे महामार्ग मोहदरी घाटाने जातो. पश्चिमेकडून देवळाली कॅम्प, भगूर, पांढुर्ली असं जाऊन घोटी-सिन्नर रस्त्याला लागून घोरवडच्या घाटाने सिन्नर गाठता येतं. आणि पूर्वेकडून महामार्गावरच्या शिंदे गावाहून नायगाव आणि नायगावहून सिन्नर. तिन्हीकडे चढ आहेच. तो चढताना शेजारून काय जाणार, एवढंच आपण निवडू शकतो.

पश्चिमेचा रस्ता सगळ्यात देखणा. पट्टा किल्ल्याच्या बाजूच्या डोंगरांवरच्या पवनचक्क्या दिसायला लागतात, वाटेत आगासखिंड नावाचं गावच आहे, म्हणजे इथून खिंड ओलांडायची हे जुन्या लोकांनी नावातच सांगून ठेवलं आहे. पण नाशिकरोडच्या बिटको चौकापासून मोजलं तर हा महामार्गाच्या जवळजवळ दुप्पट पडतो, 40 किलोमीटरच्या घरात. शिवाय घोटीच्या बाजूला पाऊस सिन्नरपेक्षा कितीतरी जास्त. जुलैत सिन्नरला रस्ता कोरडा असतो तेव्हा पांढुर्लीला धो-धो चालू असतं. रविवारी मुद्दाम जावा असा हा रस्ता आहे, कामावर जायचा नाही. समृद्धी महामार्ग याच भागातून जातो आणि नकाशावर सरळ रेघ दिसते म्हणून काही जण विचारतात, तर तिथे सायकलच काय, मोटरसायकललाही बंदी आहे.

आता सकाळचा रस्ता.

नाशिक शहरातून बाहेर पडताना द्वारका चौक शक्यतो टाळा. वर आग्रा रोडचा उड्डाणपूल, खाली पुणे रोड, बाजूचे रस्ते, रिक्षा, बस, सगळं एका गोलात येतं आणि सायकलवाल्याला कुठल्या रांगेत उभं राहायचं ते कळत नाही. पहाटे साडेपाचला चौक रिकामा असतो, तेव्हा सरळ जा. साडेसहानंतर निघत असाल तर मुंबई नाका, वडाळा नाका, अशोका मार्ग करत पुणे रोडला लागा. पंचवटीतून येणाऱ्यांना तपोवन, टाकळी, जेल रोड हा सरळ मार्ग आहे. शालिमारकडे वळायची गरजच नाही.

दत्त मंदिर चौकाजवळ उड्डाणपूल सुरू होतो आणि सिन्नर फाट्याकडे उतरतो. पुलावर महामार्गासारखी मोकळी कड मिळत नाही. बहुतेक सायकलवाले घाबरून कठड्याला चिकटतात, आणि सगळी वाळू, खिळे, काचा नेमक्या तिथेच साचलेल्या असतात. कठड्यापासून दीड हात अंतर ठेवा, म्हणजे मागची गाडी तुम्हाला घासून पुढे काढायचा मोह धरत नाही, आणि तुमच्याही डाव्या हाताला सरकायला जागा राहते. पुलाच्या जोडांवर लोखंडी पट्ट्या असतात. त्या काटकोनात ओलांडा. तिरपं गेलात आणि पट्टी ओली असेल तर पुढचं चाक सरकतं.

चेहेडी ते शिंदे हा पट्टा सपाट, रुंद, दुभाजक असलेला. पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे सायकलपुरती जागा बऱ्याच ठिकाणी मिळते. इथे मागून येणाऱ्या ट्रकपेक्षा समोरून उलट्या दिशेने येणाऱ्या मोटरसायकलींचा धोका जास्त. पळसे आणि शिंद्याजवळ दुभाजकातली वळायची फट दूर असते, म्हणून गावकरी कडेकडेने उलटे येतात. अशा वेळी तुम्ही उजवीकडे म्हणजे रस्त्यात सरकू नका. वेग कमी करा, डावीकडेच राहा, हात वर करा. त्याला ट्रक समोरून दिसतो आहे, तुम्हाला तो मागे असल्यामुळे दिसत नाही, तेव्हा रस्त्याच्या बाजूला सरकायचं ते त्यानेच. ढाब्यासमोर उभ्या ट्रकजवळून जाताना पुढच्या चाकाकडे बघा. चाक उजवीकडे वळलेलं असेल तर तो निघायच्या बेतात आहे.

शिंद्याच्या टोलनाक्यावर सायकलला पैसे नाहीत, पण मधल्या रांगेत शिरू नका, अगदी डावीकडून निघा. नाक्याच्या आधी वेग कमी करायला रस्त्यावर जाड पांढरे पट्टे मारलेले असतात. कॅरिअरवर डबा नीट बांधला नसेल तर तो उडून पडतो तो इथेच. रबरी ट्यूबच्या तुकड्याने बांधलेला डबा सुटत नाही, हुकवाली इलॅस्टिक दोरी मात्र धक्क्याने सुटून मागच्या चाकात अडकू शकते. पाणी इथेच भरून घ्या, पुढे घाट आहे.

मोहदरी घाट चढताना तुम्ही ताशी आठ-नऊने जाता, भरलेले ट्रकही हळू असतात, आणि म्हणून सकाळचा घाट वाटतो त्यापेक्षा सुरक्षित आहे. दम लागला की सायकल डोलायला लागते, तीच खरी अडचण. डोलणारी सायकल मागच्या ड्रायव्हरला सांभाळून काढता येत नाही. गिअर घाटाच्या पायथ्यालाच हलका करा, जोर लावत असताना बदलायला गेलात तर साखळी अडकते किंवा उतरते. बिनगिअरच्या सायकलला साधारणपणे पुढे 44 आणि मागे 18 दात्यांची चकती असते. मागची फ्रीव्हील 22 दात्यांची करून घेतली की हाच चढ बसून चढता येतो. चकती मोठी झाल्यावर साखळी तोकडी पडू शकते, तेव्हा दुकानदाराला जादा कड्या आधीच ठेवायला सांगा.

सूर्याचा हिशेब मात्र कुणी करत नाही. सिन्नर नाशिकच्या आग्नेयेला आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत सूर्यही आग्नेयेकडूनच उगवतो. सातच्या सुमारास वर आला की पुढचा पाऊण तास तो बरोबर रस्त्याच्या रेषेत असतो. तुम्ही टोपी खाली ओढून भागवाल, पण मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांतही तोच सूर्य आहे आणि त्याच्या काचेवर धूळ आहे. त्याला तुम्ही दिसतच नाही. त्या उजेडात लाल दिवाही पुसला जातो. म्हणून हिवाळ्यात साडेपाचला निघून सूर्य वर यायच्या आत घाट चढून जा, नाहीतर शिंद्याला चहा घेत पावणेआठ-आठ वाजू द्या. पहाटे निघणार असाल तर मागे दोन लाल दिवे लावा, एक सतत जळणारा आणि एक लुकलुकणारा. नुसत्या लुकलुकणाऱ्यावरून अंतराचा अंदाज येत नाही. दारणेच्या पुलावर धुकं असेल तर ते विरेपर्यंत अलीकडेच थांबावं.

उन्हाळ्यात सकाळी हा त्रास नाही, कारण सूर्य डावीकडे, ईशान्येकडून येतो. तोच उन्हाळ्यात मावळताना वायव्येकडे जातो, आणि संध्याकाळी तुम्हीही वायव्येकडेच परत येत असता. म्हणजे एप्रिल-मेच्या संध्याकाळी सूर्य पुन्हा नेमका समोर, आणि त्यात घाटाचा उतार. उतारावर तुम्ही ताशी चाळीसला पोहोचता, ट्रक त्याहून जोरात, वळणावर कडेला खडी. सकाळी जिथे सगळेच सावकाश होते तिथे आता सगळेच वेगात असतात. पावसाळ्यात यात समोरचा पश्चिमेचा वारा मिळतो. सायकलने संध्याकाळी मोहदरी घाट उतरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

म्हणून येताना नायगाव. सिन्नरमधून नायगाव रोड धरा. पहिला भाग साधारण उत्तरेकडे जातो, म्हणजे सूर्य डाव्या अंगाला राहतो. डोंगराची कड इथेही उतरायची आहे, पण वाहतूक ट्रॅक्टर, पिकअप आणि मोटरसायकलींची. नायगावला डावीकडे वळून शिंद्याला महामार्गावर यायचं. एकूण आठ-दहा किलोमीटर जास्त पडतात, अर्धा-पाऊण तास धरा. या रस्त्याला पांढरी पट्टी नाही की कडेला जागा नाही, डांबराची कड तुटलेली असते आणि तिच्याखाली मुरूम तीन-चार बोटं खोल. मागून गाडी आली म्हणून घाईने खाली उतरू नका. उतरायचंच असेल तर वेग मोडून उतरा आणि परत चढताना चाक कडेला समांतर नको, आडवं घाला. समांतर घातलं की टायर कडेला घासत राहतो आणि माणूस रस्त्याच्या मध्ये पडतो. हंगामात कांदा, ऊस भरलेल्या ट्रॉल्या भेटतात आणि अंधारात त्यांच्या मागे दिवा नसतो, तेव्हा तुमचा पुढचा दिवा चांगला उजेड पाडणारा हवा, नुसता मिणमिणता नको.

याच खोऱ्यात पुढे दारणा-गोदावरीच्या संगमाजवळ जोगलटेंभी आहे. 1906 साली तिथे क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, त्यातल्या बहुतेक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सुटीच्या दिवशी वाट वाकडी करून जावं असं ठिकाण.

सिन्नरच्या बाजूला एक लक्षात ठेवा: घाट संपून माळेगावची वसाहत मागे पडली की महामार्ग गावाबाहेरून वळतो. गावात जायचं असेल तर आधीच डावी-उजवीची पाटी बघून जुन्या रस्त्याला लागा. बाह्यवळणावर चुकून गेलात तर परत यायला उलट्या दिशेने यावं लागतं आणि ते करू नका, पुढे जाऊन वळा. मुसळगावला जाणाऱ्यांनी शिर्डी रस्ता धरायचा.

पंक्चरबद्दल थोडं सविस्तर, कारण या रस्त्यावर ते वेगळ्या प्रकारचं होतं. नायगावच्या बाजूला बाभळीचा काटा, तो दिसतो, काढता येतो. महामार्गाच्या कडेला मात्र ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या पोलादी तारा पडलेल्या असतात. केसासारखी बारीक, तीन-चार मिलिमीटरची तार टायरमध्ये शिरते आणि हवा लगेच जात नाही, रात्रभरात जाते. दुकानात ट्यूबला ठिगळ लागतं, तार टायरमध्येच राहते, आणि दोन दिवसांनी त्याच जागी परत पंक्चर. म्हणून टायर काढण्याआधी तो रिमवर कुठे बसला आहे त्याची वॉल्व्हजवळ खडूने खूण करा. ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा, वॉल्व्हपासून ते किती अंतरावर आहे ते बघा आणि टायरवर तेवढ्याच अंतरावर, दोन्ही बाजूंना, आतून कापसाचा बोळा फिरवा. बोट फिरवू नका, कापतं. जिथे कापूस अडकेल तिथे तार. टायर तिथे उलटा वाकवला की टोक बाहेर डोकावतं, ते चिमट्याने किंवा नेलकटरने धरून ओढायचं. मग ट्यूब पॉलिश कागदाने घासा, सोल्यूशन लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, साधारण पाच मिनिटं, आणि मगच ठिगळ दाबा. ओल्या सोल्यूशनवर लावलेलं ठिगळ उन्हात सुटतं. रस्त्यात हे सगळं करत बसण्यापेक्षा एक जादा ट्यूब जवळ ठेवा आणि ठिगळाचं काम घरी करा.

टायर 32 मिलिमीटरचा घ्या. सत्तर किलोच्या माणसाला मागे 65 आणि पुढे 55 पीएसआय हवेचा दाब पुरे. काठोकाठ हवा भरली की नायगावच्या उखडलेल्या डांबरावर हात बधिर होतात, आणि फार कमी ठेवली की खड्ड्यात रिम आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. पाणी दीड लिटर, एप्रिल-मेमध्ये दोन.

पहिल्यांदा जाणार असाल तर रविवारी रेकी करा, पण तिच्यावर विसंबू नका. सायकलवाल्यांच्या अ‍ॅपमधले ठळक रस्तेही रविवार सकाळच्या फेऱ्यांचेच असतात. कारखान्यांच्या पाळ्या सुटतात तेव्हा रस्ता कसा असतो ते त्यात दिसत नाही. कामाच्या दिवशी एकदा बसने किंवा मोटरसायकलने, नेमक्या ज्या वेळी सायकल चालवणार त्या वेळी, जाऊन या. कडेची जागा कुठे संपते, कुत्री कुठल्या वळणावर असतात, पंक्चरचं दुकान किती वाजता उघडतं, एवढं टिपून ठेवा. नायगाव रस्त्यावरची दुकानं अंधार पडायच्या सुमारास बंद व्हायला लागतात, तेव्हा सिन्नरहून साडेपाचच्या आत निघता येत नसेल तर त्या दिवशी सायकल कामाच्या ठिकाणीच कुलूप लावून ठेवा आणि बसने या.