दगड कोण लोटणार?

नाताळ मुलांना शिकवावा लागत नाही. डिसेंबर लागला की गॅलरीत चांदणी टांगली जाते, गोठ्यासाठी पेंढा शोधायची धावपळ सुरू होते, घरभर केकचा वास सुटतो. ईस्टरचं, येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाचं, तसं नाही. खिडकीत टांगायला काही नाही, आणि सण सुरू होतो तो अंधारात, नेमका पोरांच्या झोपायच्या वेळी. त्यामुळे आमच्याकडे ईस्टरची तयारी म्हणजे आधी एकच चिंता: यांना जागं कसं ठेवायचं?

माझं माहेर नगरचं, सासर वसईचं. ती प्रॉटेस्टंट मंडळी, ही कॅथलिक. वसई पोर्तुगिजांकडे गेली 1534 साली, अमेरिकन मिशनरी नगरात आले 1831 साली. म्हणजे आमच्या लग्नात दोन्ही बाजूंच्या वऱ्हाडामध्ये जवळपास तीनशे वर्षं उभी होती. एरवी ती दिसत नाहीत, ईस्टरला दिसतात. माहेरचा ईस्टर पहाटेचा, सासरचा रात्रीचा.

लहानपणी पप्पा आम्हाला साडेतीनला उठवायचे. हाका मारून नाही. पंखा बंद करून. नगरच्या उन्हाळ्यात त्याहून नामी उपाय नाही. डोळे चोळत चर्चपाशी जमायचं आणि ढोलकी-झांजांवर भजनं म्हणत फेरी निघायची ती थेट कबरस्तानाकडे. आजीच्या कबरीला आदल्या संध्याकाळीच चुना दिलेला असायचा. तिथे मोगरा वाहायचा, मेणबत्ती लावायची. कबरस्तानात भीती वाटायची नाही, ती त्या एकाच पहाटे. जो भेटेल तो म्हणणार, ‘‘प्रभू उठला आहे!’’ आणि आपण उत्तर द्यायचं, ‘‘खरोखर उठला आहे!’’ माझा धाकटा भाऊ एका वर्षी अर्धवट झोपेत म्हणाला, ‘‘मी पण उठलोय.’’ आजही नगरहून फोन येतो तेव्हा पहिलं वाक्य तेच असतं.

वसईत शनिवारी रात्री चर्चमधले सगळे दिवे मालवतात. बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवतात आणि त्यावरून पास्काची, म्हणजे ईस्टरची, उंच मेणबत्ती. तिच्यावर क्रूस आणि चालू वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात. ‘‘ही एक्सपायरी डेट आहे का?’’ थोरल्याने एकदा कानात विचारलं होतं. मग त्या एका ज्योतीवरून शेजाऱ्याची, त्याच्यावरून आपली, असं करत काळोखं चर्च मागच्या बाकापर्यंत उजळत जातं. इथवर दोन्ही मुलं टक्क जागी असतात, कारण हातात विस्तव आहे आणि पुढच्या बाकावर कोणाची तरी लांब वेणी आहे. (माझं अर्धं लक्ष त्या वेणीकडे.)

खरी कसोटी वाचनांची. बायबलच्या जुन्या करारातली सातपर्यंत वाचनं असतात, थेट सृष्टीच्या उत्पत्तीपासून. धाकटी साधारण सृष्टीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीच ढेपाळते. तांबडा समुद्र दुभंगेपर्यंत तिची लाळ माझ्या साडीवर. आणि मग ‘ग्लोरिया’चं स्तुतिगीत सुरू होतं. गुरुवारपासून घंटा मुक्या असतात, मधल्या दिवसांत नुसती लाकडी टाळी वाजते. त्या सगळ्या घंटा एकदम घणघणायला लागतात, दिवे लागतात, उपवासाचे चाळीस दिवस ओठांवर न आलेला ‘आलेलुया’ परत येतो. धाकटी दचकून उठते आणि दरवर्षी एकच विचारते, ‘‘संपलं?’’

सोसायटीतल्या मुलांना या सणाचं एक कोडं आहे. तुमचा ख्रिसमस बरा पंचवीसला बसलेला, मग ईस्टर दरवर्षी हलतो कसा? मी म्हटलं, तुमची दिवाळी हलते तसाच. हासुद्धा चंद्र बघूनच येतो. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्या पुढचा रविवार. चर्चची पौर्णिमा जुन्या कोष्टकातली असते, पण आपल्या पंचांगाशी तिचं बरं जमतं. बहुतेकदा हनुमान जयंती झाली की येणारा रविवार आमचा. कधी होळीनंतरचाच, जसा 2024 मध्ये आला. एवढं सांगितल्यावर एक पोरगा फार समाधानाने म्हणाला, ‘‘म्हणजे तुमचीपण तिथीच!’’

अंड्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. म्हणजे काजूच्या मार्झिपानच्या अंड्यांबद्दल नाही. ती मी मुलांच्या नावावर स्वतः खाते. पूर्वी युरोपात उपवासकाळात अंडी वर्ज्य होती, कोंबड्यांना मात्र ते कोणी कळवलेलं नसायचं, त्यामुळे सणापर्यंत ढीग साचायचा. इथवर पटतं. पण ससा कशाला अंडी आणेल, हे मी थोरल्याला आजवर समजावू शकलेले नाही. तरी त्याच्या हट्टाखातर एका वर्षी कांद्याच्या सालींत अंडी उकडून तांबूस रंगवली आणि वाडीत लपवली. पोरं मोजून दहा होईपर्यंत डोळे मिटून उभी होती तेवढ्यात कावळ्याने दोन उचलली. एक अंडं कुणालाच सापडलं नाही. आठवड्याने ते आपण होऊन सापडलं, वासावरून.

मला मुलांना सांगायची असते ती वेगळीच गोष्ट. रविवारी अजून अंधार असताना काही बायका येशूच्या कबरीकडे निघाल्या. हातात त्याच्या देहाला लावायची सुगंधी द्रव्यं, आणि वाटेत आपसांत बोलतायत, दाराशी एवढी मोठी धोंड आहे, ती आपल्यासाठी कोण लोटणार? मार्कच्या शुभवर्तमानातली ही ओळ मला सगळ्या पास्काच्या कथेत जवळची वाटते. उत्तर माहीत नव्हतं, तरी निघाल्या होत्या. शिष्य कुठे होते तेव्हा, असं धाकटीने विचारलं. घरीच, म्हटलं. तिने सोफ्यावर आडव्या झालेल्या बाबांकडे पाहिलं.

आमच्याकडे शनिवारी चर्चला जाण्याआधी सासूबाई फुग्यांचं, म्हणजे तळलेल्या फुगीर पावांचं, पीठ भिजवून ठेवतात. मध्यरात्री परत येऊन पाहावं तर पीठ पातेल्याबाहेर डोकं काढून बसलेलं. सकाळी तळणीत फुगे, दुसऱ्या चुलीवर मांसाचं इंद्याल, आणि ओट्यावर बाटली मसाल्याची गडद बाटली. गेल्या वर्षीचा मसाला तळाशी आलेला असतो. नव्या मसाल्याच्या मिरच्या गच्चीवर वाळत असतात. त्या गडबडीत धाकटी ओट्याला नाक टेकवून उभी.

‘‘आजी, त्या बायकांनी आणलेल्या सुगंधी द्रव्यांचं मग काय झालं?’’

मी झारा हातात धरून थांबले. कबर तर रिकामी होती. द्रव्यं उरलीच की. ती कुठे गेली, हे मी नगरच्या रविवारच्या शाळेत किंवा वसईच्या प्रवचनात कधी ऐकलेलं नाही.

सासूबाईंनी बाटलीचं बूच घट्ट बसवलं. ‘‘घरी नेली असतील,’’ त्या म्हणाल्या. ‘‘महाग असतात गो ती.’’